पाण्यात बंद पडलेले इंजिन

मोटारीचे इंजिन इंधनावर चालते असे सर्रास म्हटले जाते, परंतु वजनाचा हिशेब मांडला तर ते इंधनाहून कितीतरी अधिक हवा खाते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी साडेचौदा ग्रॅमच्या आसपास हवा लागते आणि ती बाहेरून सतत ओढून घेणे हे इंजिनाच्या प्रत्येक आवर्तनातले पहिले काम असते. चार सिलिंडरांचे, १२०० घनसेंटिमीटर म्हणजे बोलीभाषेतल्या १२०० सीसी क्षमतेचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असेल, तर कागदावरच्या हिशेबाने ते मिनिटाला १८०० लिटर, म्हणजेच सेकंदाला ३० लिटर हवा आत घेते. ही हवा ज्या नळीतून येते तिचे तोंड अनेक लहान मोटारींत बॉनेटच्या पुढच्या कडेखाली, रेडिएटरच्या वरच्या अंगाला किंवा हेडलाइटच्या मागे ठेवलेले असते, कारण तिथे इंजिनाच्या उष्णतेपासून दूर असलेली, थंड आणि म्हणून दाट हवा मिळते. कोरड्या रस्त्यावर ही जागा निर्दोष आहे. तुंबलेल्या रस्त्यावर मात्र नळीचे तोंड आणि पाण्याची पातळी यांच्यात वीत-दीड वीत अंतर उरते आणि तेवढे अंतर भरून काढायला एक लाट पुरते.

आजच्या जवळजवळ सर्व पेट्रोल आणि डिझेल मोटारींची इंजिने चार टप्प्यांत काम करतात. पहिल्या टप्प्यात पिस्टन, म्हणजे सिलिंडरच्या नळकांड्यात वरखाली सरकणारा दट्ट्या, खाली येतो आणि हवा आत ओढली जाते; दुसऱ्या टप्प्यात झडपा बंद होतात आणि वर जाणारा पिस्टन ती हवा दाबतो; तिसऱ्यात इंधन पेटून प्रसरण पावणारे वायू त्याला जोराने खाली ढकलतात आणि चौथ्यात जळके वायू बाहेर टाकले जातात. पिस्टनच्या या सरळ हालचालीचे चाकांना उपयोगी पडेल अशा गोल गतीत रूपांतर करण्याचे काम कनेक्टिंग रॉड हा पोलादी दांडा आणि तो ज्याला जोडलेला असतो तो क्रँकशाफ्ट असे दोघे मिळून करतात. ही सारी रचना एका गृहीतावर उभी आहे, ते म्हणजे दुसऱ्या टप्प्यात जे काही दाबले जाणार आहे ते दबणारे असेल. हवा दबते. पाणी व्यवहारात दबतच नाही. त्याचे आकारमान अवघ्या एका टक्क्याने कमी करायचे झाले तरी वातावरणाच्या दाबाच्या दोनशेहून अधिक पट दाब द्यावा लागतो.

अशा इंजिनाला थांबवायला किती पाणी लागते, हे साध्या भागाकाराने काढता येते. १२०० सीसीच्या इंजिनातील प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला ३०० सीसी आकारमान येते, आणि दाबगुणोत्तर, म्हणजे पिस्टन सर्वांत खाली असतानाच्या आणि सर्वांत वर असतानाच्या आकारमानांचे गुणोत्तर, पेट्रोल इंजिनासाठी १० : १ धरले, तर पिस्टन माथ्यावर पोहोचला की त्याच्या डोक्यावर जेमतेम ३३ सीसी पोकळी उरते, आणि तेवढे पाणी स्वयंपाकघरातल्या मोठ्या चमच्याने मोजले तर दोन चमच्यांच्या थोडे वर भरते. डिझेल इंजिनात दाबगुणोत्तर बरेच अधिक असल्याने जागा आणखी कमी असते. १२५० सीसीच्या आणि १७ : १ दाबगुणोत्तराच्या इंजिनात ती वीस सीसीच्याही किंचित खाली येते. एवढ्याहून अधिक पाणी सिलिंडरात गेले, की वर निघालेला पिस्टन वाटेतच अडतो, कारण त्याच्यापुढे न दबणारा थर असतो आणि त्या थराला बाहेर पडायला वाट नसते. या अवस्थेला अभियांत्रिकीत हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात आणि गॅरेजमध्ये ‘हायड्रोलॉक’.

पुढे काय होते ते इंजिन त्या क्षणी किती वेगाने फिरत होते यावर ठरते. संथ फेऱ्यांवर चालणारे इंजिन बहुधा झटक्यासरशी बंद पडते आणि दैव अनुकूल असेल तर आतला एकही भाग वाकत नाही. मात्र चालक पाण्यातून लवकर सुटण्यासाठी अ‍ॅक्सिलरेटर दाबून बसला असेल, तर क्रँकशाफ्टला आणि त्याला जोडलेल्या फ्लायव्हील या जड चाकाला थांबायला वेळच मिळत नाही. त्यांच्या फिरण्यातली सारी ऊर्जा पाण्यावर अडलेल्या पिस्टनकडे जाते आणि या साखळीतला सर्वांत सडपातळ दुवा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो किंवा तुटतो. तुटलेल्या दांड्याचे टोक इंजिनाच्या ब्लॉकला, म्हणजे सिलिंडर ज्यात कोरलेले असतात त्या ओतीव ठोकळ्याला, भोक पाडून बाहेर आल्याची उदाहरणे मेकॅनिकांच्या चांगल्या परिचयाची आहेत. फसवा असतो तो किंचित वाकलेला दांडा. असा दांडा असलेले इंजिन पाणी काढून टाकल्यावर सुरू होते, गाडी घरी जाते, आणि मालकाला वाटते की संकट टळले. परंतु दांड्याची लांबी घटल्यामुळे तो पिस्टन पूर्वीइतका वर पोहोचत नाही, त्या सिलिंडरातला दाब कमी राहतो, पिस्टन तिरपा घासत राहतो, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, रस्ता पूर्ण कोरडा असताना, थकलेला धातू तुटतो. तोवर पुराची आठवण मागे पडलेली असते, आणि विमा कंपनीला तो संबंध पटवून देणे जवळजवळ अशक्य होऊन बसते.

ही अडचण मोटारीच्या जन्माआधीची आहे. वाफेच्या आगगाडीच्या इंजिनात थंड सिलिंडरात शिरलेल्या वाफेचे पाणी होत असे, म्हणून उभी गाडी हलवण्यापूर्वी चालक सिलिंडरांच्या तळाचे कॉक उघडे ठेवून ते पाणी बाहेर फेकत असे. गाडी सुटताना पुढच्या चाकांजवळ दिसणारे वाफेचे पांढरे लोट पुष्कळदा त्याचेच असत. तारकाकृती रचनेच्या जुन्या विमान-इंजिनांत, जिथे काही सिलिंडर उलटे, डोके खाली करून बसवलेले असतात, रात्रभरात तेल झिरपून त्या खालच्या सिलिंडरांत साचत असे, आणि म्हणून जमिनीवरचे कर्मचारी इंजिन सुरू करण्याआधी पंखा हाताने काही फेरे फिरवून पाहत व तो मध्येच अडला तर जोर न लावता प्लग काढून तेल वाहू देत. जहाजांवरच्या अवाढव्य डिझेल इंजिनांत आजही सुरुवातीपूर्वी सिलिंडरांचे निदर्शक कॉक उघडून इंजिन संथ गतीने फिरवले जाते आणि त्यातून पाणी बाहेर येते का ते पाहिले जाते. दीडशेहून अधिक वर्षांच्या या व्यवहारात जे शहाणपण यंत्रचालकांनी अंगी बाणवले, ते मोटारचालकांपर्यंत पोहोचले नाही, कारण मोटारीला एरवी त्याची गरज पडत नाही. तिची किल्ली फिरवणारा माणूस यंत्रज्ञ असावा अशी अपेक्षाच नसते.

महाराष्ट्रात हा विषय घरोघरी पोहोचला तो २६ जुलै २००५ रोजी. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तर त्याच मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यात, शंभर मिलिमीटरही पाऊस पडला नाही. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी वाहून नेणारी मिठी नदी पात्राबाहेर आली, भरतीमुळे समुद्राने पाणी घेतले नाही, आणि दुपारी तुलनेने कोरड्या दक्षिणेतून निघालेल्या हजारो गाड्या पुढच्या परिस्थितीची कल्पना नसताना उपनगरांतल्या पाण्यात शिरल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेच्या पुराने सांगली-कोल्हापूरला आणि जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणला जे झाले, त्याचे स्वरूप मोटारींच्या दृष्टीने वेगळे होते, आणि हा फरक समजून घेणे महत्त्वाचे आहे. मुंबईत मोठ्या संख्येने गाड्या चालत्या स्थितीत पाण्यात गेल्या, म्हणजे त्यांची इंजिने हवा ओढत होती आणि पाणीही तितक्याच जोमाने ओढू शकत होती. चिपळुणात किंवा सांगलीत पुष्कळ गाड्या दारात, पार्किंगमध्ये उभ्या असताना बुडाल्या; त्यांची इंजिने बंद होती, पिस्टन हलत नव्हते, आणि म्हणून सिलिंडरात पाणी शिरले तरी दांडे सरळच होते. अशा गाडीचा दांडा वाकतो तो पूर ओसरल्यावर, मालकाने मोठ्या आशेने सेल्फ मारला की.

चालत्या गाडीत पाणी शिरण्याची वाट बहुधा समोरच्या लाटेतून जाते. गाडी पाण्यात पुढे सरकते तेव्हा तिच्या नाकापुढे पाण्याचा उंचवटा तयार होतो. वेग चालत्या माणसाच्या वेगाच्या आसपास राहिला तर त्या उंचवट्यामागे, बॉनेटखाली, पातळी उलट थोडी खाली जाते, परंतु वेग वाढला की तोच उंचवटा जाळीवरून उसळून हवेच्या नळीपर्यंत पोहोचतो. समोरून किंवा शेजारून बस वा ट्रक गेला तर चालकाची स्वतःची सारी सावधगिरी व्यर्थ ठरते, कारण त्या लाटेवर त्याचे नियंत्रण नसते. निर्माते पाण्यात उतरण्याची जी कमाल खोली जाहीर करतात, उदाहरणार्थ महिंद्राच्या नव्या थारसाठी ६५० मिलिमीटर किंवा लँड रोव्हर डिफेंडरसाठी ९०० मिलिमीटर, ती संथ पाणी आणि संथ गती गृहीत धरून दिलेली असते. लहान शहरी मोटारीसाठी सुज्ञ मर्यादा चाकाच्या मध्याच्या खालीच संपते, आणि वाहत्या पाण्यात तर तीही लागू होत नाही, कारण सुमारे ३० सेंटिमीटर पाणी लहान मोटारीला तरंगवू शकते आणि त्याच्या दुप्पट पाणी बहुतेक वाहनांना वाहून नेते.

या संदर्भात एक रूढ समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. पाणी सायलेन्सरमधून इंजिनात शिरते, म्हणून पाण्यात गाडी रेस करत ठेवावी, असा सल्ला गल्लीतल्या चहावाल्यापासून अनुभवी ड्रायव्हरपर्यंत सर्वजण देतात. सायलेन्सरच्या तोंडावर ३० सेंटिमीटर पाणी असेल तर ते जो दाब निर्माण करते तो वातावरणाच्या दाबाच्या केवळ तीन टक्के असतो, आणि जागेवर संथ चालणारे इंजिनही जळके वायू तेवढ्या विरोधाला न जुमानता बाहेर टाकू शकते. इंजिन बंद पडल्यावर सायलेन्सरमध्ये पाणी भरते हे खरे; ते तापलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, म्हणजे धुरातील विषारी वायूंचे रूपांतर करणाऱ्या चिनीमातीच्या जाळीदार ठोकळ्याला, तडे पाडू शकते हेही खरे; परंतु इंजिनाचा जीव घेणारे पाणी बहुतेक वेळा पुढून येते. बेताल रेस केल्याने हवेच्या नळीची ओढ तेवढी वाढते. पहिल्या गिअरमध्ये, क्लच पूर्ण सोडून, एकसारख्या मध्यम फेऱ्यांवर, न थांबता जाणे एवढाच या सल्ल्यातला ग्राह्य भाग आहे. एसी बंद ठेवणे मात्र निश्चितच हिताचे, कारण त्यामुळे रेडिएटरचा पंखा पाण्यात फिरून पाती वाकवण्याची आणि पाणी सर्वत्र उडवण्याची शक्यता कमी होते.

पाण्यात इंजिन बंद पडण्याची कारणे एकाहून अधिक असतात. ओल्या एअर फिल्टरमुळे, म्हणजे हवा गाळणाऱ्या कागदी जाळीमुळे, हवेचा पुरवठा तुटू शकतो. ठिणगी देणाऱ्या कॉइलवर किंवा एखाद्या सेन्सरच्या जोडावर पाणी उडू शकते. आणि सिलिंडरात पाणी जाऊ शकते. पहिल्या दोन कारणांनी बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू केल्याने सहसा काही बिघडत नाही, तिसऱ्याने बंद पडलेले इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न त्याला संपवू शकतो, आणि चालकाच्या आसनावर बसून या तिन्हींतला फरक ओळखता येत नाही. म्हणून पाण्यात बंद पडलेल्या प्रत्येक इंजिनात पाणी आहे असेच धरून चालावे, हा एकमेव सुरक्षित नियम ठरतो. सेल्फ मारू नये. धक्का मारून गाडी गिअरमध्ये टाकणे तर त्याहून वाईट, कारण स्टार्टर मोटर पाण्यावर अडली की बऱ्याचदा ‘ठक्’ असा आवाज करून थांबते, पण ढकललेल्या किंवा दोरीने ओढलेल्या हजार किलोच्या गाडीचा वेग चाकांमार्फत थेट क्रँकशाफ्टवर येतो आणि तो असा थांबत नाही. नव्या गाड्यांत सिग्नलवर इंजिन आपोआप बंद होऊन आपोआप सुरू होण्याची जी सोय असते, ती पाण्यात शिरण्यापूर्वीच बटण दाबून रद्द करावी. बंद पडलेली गाडी टो करून नेताना गिअर न्यूट्रलमध्ये असावा आणि ऑटोमॅटिक गिअरची गाडी शक्यतो सपाट ट्रकवर चढवून न्यावी.

इंजिनापेक्षा माणूस मोलाचा, हे लिहून ठेवण्याची वेळ यावी हे खेदाचे आहे, परंतु २००५ मध्ये बंद काचांच्या गाड्यांत अडकून काही जणांचा गुदमरून मृत्यू झाला होता. पाणी दाराच्या खालच्या कडेला लागले की काच उघडावी, पट्टा सोडावा आणि बाहेर पडावे. विजेवर चालणारी काच आणि मध्यवर्ती कुलूप पाण्यात कधी दगा देतील ते सांगता येत नाही, आणि बाहेरच्या पाण्याचा दाब दार उघडू देत नाही.

पाणी ओसरल्यावर गाडीजवळ जाताना पहिले काम बॅटरीची ऋण तार काढण्याचे. त्यानंतर, किल्लीला हात न लावता, दोन गोष्टी कोणालाही तपासता येतात. एअर फिल्टरच्या डब्याचे झाकण उघडून आतला कागद ओला आहे का आणि त्याच्या पुढच्या, इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत पाण्याचे थेंब आहेत का ते पाहावे. फिल्टर कोरडा असेल तर हवेच्या वाटेने पाणी गेलेले नसण्याची शक्यता मोठी. त्यानंतर डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, बाहेर काढावी. तिच्यावरचे ऑइल दुधाळ कॉफीसारखे दिसत असेल किंवा पातळी खुणेच्या वर गेली असेल, तर ऑइलमध्ये पाणी मिसळले आहे. ते सिलिंडरांतूनच गेलेले असते असे नाही. बुडून राहिलेल्या इंजिनात ते हवा सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीतून आणि सीलांतूनही शिरते. अशा ऑइलवर इंजिन काही मिनिटे जरी चालले तरी बेअरिंगांना, म्हणजे फिरत्या भागांना आधार देणाऱ्या गुळगुळीत कवचांना, वंगणाचा थर मिळत नाही.

गॅरेजमधील कामाचा क्रम ठरलेला आहे, आणि त्यात घाईपेक्षा क्रमाला किंमत आहे. पेट्रोल इंजिनाचे स्पार्क प्लग किंवा डिझेल इंजिनाचे ग्लो प्लग, प्रसंगी इंजेक्टर, काढून सिलिंडरांना तोंडे मोकळी केली जातात. मग क्रँकशाफ्टच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवले जाते. ते मोकळे फिरले तर इंधन आणि ठिणगी तोडून स्टार्टरने काही सेकंद फिरवले जाते आणि प्लगच्या भोकांतून उरलेले पाणी पिचकारीने बाहेर येते. हाताने फिरवताना इंजिन मध्येच अडले तर तिथेच थांबून हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, उघडण्याचा निर्णय घ्यावा लागतो. पाणी निघाल्यावर प्रत्येक सिलिंडरात थोडे ऑइल सोडले जाते, कारण सिलिंडरची भिंत सहसा ओतीव लोखंडाची असते, आणि ओल्या लोखंडावर एका रात्रीत गंज धरतो व पिस्टनच्या कड्या त्याला चिकटतात. म्हणूनच ‘सुरू करू नका’ या सल्ल्याचा अर्थ ‘गाडी पंधरा दिवस तशीच ठेवा’ असा घेऊ नये. मोठ्या पुरानंतर गॅरेजांत रांगा लागतात, आणि आपली पाळी येईतो निदान प्लग काढून ऑइल सोडण्याचे काम तरी ओळखीच्या मेकॅनिककडून करून घ्यावे.

यानंतरची कॉम्प्रेशन चाचणी पुष्कळ ठिकाणी वगळली जाते, आणि तीच खरी निर्णायक असते. प्लगच्या जागी दाबमापक बसवून प्रत्येक सिलिंडर किती दाब निर्माण करतो ते मोजले जाते; निरोगी पेट्रोल इंजिनात हा आकडा साधारणपणे १० ते १३ बारच्या आसपास असतो, परंतु आकड्याहूनही महत्त्वाचे असते ते सिलिंडरांमधले साम्य. तीन सिलिंडर सारखे आणि चौथा स्पष्टपणे कमी असेल, तर झडप, कडी किंवा वाकलेला दांडा यांपैकी एक कारण आहे, आणि प्लगच्या भोकातून सरळ सळई सोडून प्रत्येक पिस्टन माथ्यावर किती उंच येतो याची तुलना केली की दांड्याचा संशय फिटतो किंवा पक्का होतो. ही तपासणी न करता ‘पाणी काढले, ऑइल बदलले, गाडी चालू झाली’ असे सांगून गाडी परत देणारे गॅरेज ग्राहकाचे भले करत नाही. ऑइल आणि ऑइल फिल्टर एकदा बदलून भागत नाही. पहिले नवे ऑइल थोडा वेळ जागेवर चालवून काढून टाकायचे असते, ते स्वच्छ निघेपर्यंत हे पुन्हा करायचे असते, आणि गिअरबॉक्सचे ऑइलही पाहायचे असते, कारण तापलेली गिअरबॉक्स थंड पाण्यात बुडाली की तिच्यातली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी आत खेचले जाते.

पुराचे पाणी शुद्ध पाणी नसते, ही गोष्ट दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात नेहमी कमी लेखली जाते. त्यात नदीचा गाळ असतो, जो बेअरिंगांवर ओरखडे पाडतो. गटाराचे पाणी आणि, मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर भरतीच्या वेळी, मीठही असते. मिठामुळे विजेच्या जोडांतील तांब्यावर हिरवट थर चढत जातो, आणि त्याचे परिणाम दोन-तीन महिन्यांनी, कधी एक दिवा न लागणे तर कधी इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणकच बंद पडणे, अशा विस्कळीत तक्रारींतून दिसू लागतात. इंधनाच्या टाकीत पाणी गेले असेल तर ते तळाशी बसते. सध्याच्या पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल पाण्याला ओढून घेते आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की पेट्रोलपासून सुटून त्याच्यासह खाली उतरते, म्हणजे पंप नेमके तेच मिश्रण उचलतो. डिझेलच्या बाबतीत धोका आणखी महाग आहे, कारण उच्च दाबाच्या पंपाला आणि इंजेक्टरांना वंगण डिझेलच पुरवते आणि पाणी तसे काही करत नाही. विजेवर चालणाऱ्या मोटारीला हवा ओढावी लागत नसल्याने हायड्रोलॉकची भीती नाही. तिच्या बॅटरीच्या डब्याला पुष्कळदा आयपी ६७ दर्जा असतो, म्हणजे तो एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी चाचणी केलेली असते, पण ती स्वच्छ पाण्यातली चाचणी आहे आणि पूर अर्ध्या तासात ओसरत नाही.

आता विम्याकडे वळायला हवे, कारण बहुतेक मालकांना इंजिनाच्या नुकसानीची खरी किंमत तिथे कळते. केवळ त्रयस्थ पक्षाचा, म्हणजे कायद्याने सक्तीचा, विमा असेल तर पुराने झालेल्या नुकसानीचा एक रुपयाही मिळत नाही. सर्वसमावेशक विम्यात पूर हे मान्य कारण आहे, त्यामुळे भिजलेली आसने, वायरिंग, साफसफाई यांचा खर्च मिळू शकतो. परंतु प्रमाणित अटींमध्ये परिणामजन्य हानी आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात, आणि पाण्यात इंजिन पुन्हा सुरू केल्यामुळे वाकलेला दांडा हा पुराचा थेट परिणाम नसून चालकाच्या कृतीचा परिणाम आहे, असा युक्तिवाद कंपन्या करतात. या मुद्द्यावर ग्राहक आयोगांपुढे कितीतरी तंटे गेले आहेत. तर्क म्हणून कंपन्यांची बाजू चुकीची नाही. चूक आहे ती पॉलिसी विकताना हे एका वाक्यात न सांगण्याची. यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे पूरक कलम घ्यावे लागते, ते ठरावीक वयापर्यंतच्या गाड्यांनाच मिळते, आणि ‘झिरो डेप’ या नावाने विकले जाणारे, बदललेल्या भागांवरचा घसारा माफ करणारे कलम म्हणजे ते नव्हे, हा घोटाळा अनेकांचा होतो.

दावा करताना गाडी जिथे बंद पडली तिथेच, पाण्याची पातळी दिसेल अशी छायाचित्रे घ्यावीत, कंपनीला लगेच कळवावे, आणि सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारा परवानाधारक तज्ज्ञ, येण्यापूर्वी इंजिन खोलू देऊ नये. प्लग काढून पाणी काढण्याची तातडी असेल तर कंपनीला तसे लेखी कळवून ते काम करावे. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत घोषित केलेल्या गाडीच्या मूल्याच्या, ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल तर गाडी पूर्णतः निकामी धरून ते मूल्य दिले जाते. मुंबईसारख्या शहरात छतापर्यंत बुडालेल्या जुन्या गाडीबाबत मालकाने दुरुस्तीचा हट्ट न धरता हाच पर्याय स्वीकारणे बहुतेक वेळा शहाणपणाचे असते.

अशा निकामी ठरलेल्या गाड्या भंगारातच जातात असे मात्र नाही. त्या लिलावात विकल्या जातात, धुतल्या जातात, आणि पूर न आलेल्या जिल्ह्यांत किंवा राज्यांत जुन्या गाड्यांच्या बाजारात पुन्हा उभ्या राहतात. जुनी गाडी घेणाऱ्याने म्हणून चारही सीटबेल्ट शेवटच्या टोकापर्यंत ओढून पाहावेत, कारण गुंडाळलेल्या पट्ट्यावर राहिलेली चिखलाची रेघ धुणाऱ्याच्या हाताला सहसा लागत नाही. स्टेपनीच्या खळग्यात गाळ आणि सीटखालच्या रुळांच्या स्क्रूंवर गंज आहे का ते पाहावे. आणि गाडीच्या विमा दाव्यांचा इतिहास विक्रेत्याकडे मागावा. तो द्यायला विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर किंमत कितीही मोहात पाडणारी असली तरी ती गाडी घेऊ नये.